दादासाठी तीन ठिकाणी जेवलो

दिवाळी अंक काढणारे मास्तर घरी आले आणि म्हणाले, किसनभाऊ, एवढ्या पंगती उठवल्या तुम्ही, त्यातल्या गमती लिहून द्या. मी चौथीपर्यंत शाळेत गेलेला माणूस. सून म्हणाली, तुम्ही सांगा, मी लिहिते. तिला नको म्हटलं. माझं मी लिहितो. अक्षर मास्तरांनी सरळ करून घ्यावं, मजकुराला हात लावू नये.

अनसिंगच्या पलीकडे आमचं गाव. मी आणि माझा मोठा भाऊ संपत, त्याला मी दादा म्हणतो, आम्ही दोघं चाळीस वर्षं पंगतीचे आचारी. लग्न, तेरवी, जयंती, बुद्धपौर्णिमेची खीर, जिथून बोलावणं येईल तिथं जायचं. वरण आणि भाजी दादाची, पुरी आणि बुंदी माझी. दादानं लग्न केलं नाही. कोणी विचारलं की म्हणायचा, हजार लग्नाचा धूर खाल्ला, आता आनखी एक कायले.

लोकांना वाटतं, आचाऱ्याचं काम म्हणजे रांधणं. रांधणं त्यातलं सोपं. शंभर माणसाला किती तांदूळ हे कोणीही सांगेल. पण थंडीतल्या शंभर माणसाला आणि मे महिन्यातल्या शंभर माणसाला तेवढाच तांदूळ लागत नाही. थंडीत माणूस जेवतो, उन्हात नुसतं पाणी पितो. नवरीकडचे लाजत जेवतात, नवरदेवाकडचे मागून मागून. दादा पंगत बसायच्या आधी मांडवात एक चक्कर मारायचा आणि लोकांचे पाय पाहायचा. तोंड पाहायचा नाही, पाय. धुळीचे पाय जास्त दिसले की येऊन सांगायचा, किसन्या, एक गंज आनखी चढव. गंज म्हणजे आमच्याकडचं मोठं पातेलं. लांबून आलेला माणूस दुप्पट जेवतो. हा अंदाज त्याचा कधी चुकला नाही. मी शिकायचा लय प्रयत्न केला. मला पायच दिसायचे, भूक दिसायची नाही.

पण त्याचा खरा हट्ट पंगतीत होता. शेवटचा जेवणारा हात आवरत नाही तोवर कोणी उठायचं नाही. काम घ्यायच्या आधीच घरधन्याला हे सांगायचा. पटत असेल तर चूल मांडतो, नसेल तर दुसरा आचारी पाहा. या हट्टापायी दोन-चार चांगली कामं गेली आमची. मी तेव्हा चिडायचो.

हट्टाला कारण होतं. मी पाच-सहा वर्षांचा आणि दादा दहा-अकराचा असताना गावच्या पाटलाकडे लग्न होतं. आमच्या वस्तीला मांडवाबाहेर गोठ्याच्या भिंतीशी बसवलं. वाढपी आमच्याकडे सगळ्यात शेवटी. भात पडला, वरणाची वाट पाहत बसलो, आणि वरण येतं न येतं तोच आत मोठी माणसं हात धुवायला उठली. ती उठली की साऱ्यांनी उठायचं. आमच्यावर खेकसले, उठा रे. बाप उठला. दादानं भात मुठीत घेतला आणि तसाच चालत निघाला. घरी येईपर्यंत मूठ उघडली नाही. तो भात त्यानं मला दिला. पुढे बापानं दीक्षा घेतली, त्यानंतर आम्ही कोणाच्या गोठ्याशी जेवायला बसलो नाही.

पंचवीसेक वर्षांनी त्याच घरातून आम्हाला बोलावणं आलं, नातवाच्या लग्नाचं. मी म्हटलं जाऊ नये. दादा म्हणाला, जायचं, अन् आपल्या कायद्यानं जेवू घालायचं. पहिली पंगत बसली. कडेला एक म्हातारी, तोंडात दात नाही, पुरी वरणात भिजवून हळूहळू खात होती. बाकी सगळ्यांचं झालेलं. घरच्या जावयाला दुसरी पंगत बसवायची घाई. तो म्हणाला, उठवा. दादानं पळा गंजावर आडवा ठेवला.

"जवाईबापू, या बुढीच्या पहिले पंगत उठली तर दुसऱ्या पंगतीले मी वाढत नाही. तुमी वाढा."

सगळा मांडव म्हातारीकडे पाहू लागला. ती बिचारी लाजून हात आवरायला लागली. मग दादानं स्वतः एक पत्रावळ घेतली, तिच्यावर एक पुरी ठेवली, तिच्यासमोर बसला आणि चिमटी चिमटीनं खाऊ लागला. तिला वाटावं, आपण एकटीच मागं नाही. ती पुन्हा जेवू लागली. तिचं झाल्यावर दादानं शेवटचा तुकडा तोंडात टाकला. पाटील म्हातारा झाला होता, खुर्चीवर बसून सारं पाहत होता. पंगत उठल्यावर तांब्या घेऊन आला आणि दादाच्या हातावर स्वतः पाणी ओतलं.

तेव्हापासून दादाची ती रीतच झाली. पंगतीत जो मागं राहील त्याच्यासमोर आपली पत्रावळ घेऊन बसायचं, आणि घास संपू द्यायचा नाही. ही युक्ती आमच्या घरची, असं मी चार ठिकाणी छाती फुगवून सांगितलं आहे.

तर असा हा माणूस विसरायला लागला.

आसेगावच्या लग्नात मला पहिल्यांदा कळलं. वांग्याच्या भाजीत त्यानं तीनदा मीठ टाकलं. मी बटाटे टाकले, पाणी वाढवलं, एका गंजाचे दोन गंज केले. लोकांनी बोटं चाटून खाल्ली आणि घरधन्यानं वर कौतुक केलं. मी गंमत म्हणून गावभर सांगत हिंडलो. परतताना गाडीत दादानं विचारलं, लगन कोनाचं होतं रे. मी सांगितलं. थोड्या वेळानं पुन्हा विचारलं. वाशीम येईपर्यंत सात-आठ वेळा. तेव्हा माझी गंमत संपली. अकोल्याच्या डॉक्टरनं सांगितलं, हे वाढत जाणार, मागं फिरणार नाही.

मग आम्ही काम बंद केलं. तो मात्र सकाळी उठून विचारायचा, मांडव कुठी हाये. मी म्हणायचो, आज सुट्टी. ते त्याला पटायचं नाही. लग्नसराईत कसली सुट्टी.

गेल्या उन्हाळ्यात मी डोळे दाखवायला वाशीमला गेलो होतो. मुलगा नोकरीपायी नांदेडला, घरी सून वैशाली एकटी. भर दुपारी दादानं गोठ्यामागं तीन दगड मांडले आणि भट्टी पेटवली. शेजारी सोयाबीनचं कुटार रचलेलं. कुटार म्हणजे मळणीनंतरचा भुसा, ठिणगी पडायचा अवकाश. वैशालीनं टाकीतलं पाणी बादलीनं ओतून विझवलं, तिचा हात कोपरापर्यंत भाजला. दादा उलट तिच्यावरच तापला, तीनशे मानूस बसलं हाये अन् हे बाई भट्टी इझवून राह्यली.

वैशाली तक्रार करणारी पोरगी नाही. आमच्याकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते. हाताला मलम लावताना एवढंच म्हणाली, "मामाजी, मले मोठ्या मामाजीची भीती नाही वाटत. पन माहा डोळा लागला अन् तवाच यायनं चूल पेटवली तर, याची वाटते."

मी हट्टाला पेटलो. म्हटलं, मी बसतो त्याच्यापाशी, दिवसभर हलणार नाही. दोन महिने बसलो. पण मीही चौऱ्याहत्तरचा. दुपारी जरा डुलकी लागली की तो पसार. एकदा अनसिंगच्या एसटी स्टँडवर सापडला, बाकावर नीट टोपी घालून बसलेला. पाहुण्यांना उतरवून घ्यायला आलो म्हणाला. मी त्याच्या शेजारी बसलो. तासभर दोघंही पाहुण्यांची वाट पाहत होतो. तिथंच मला कळलं की आपल्याच्यानं हे होत नाही. कबूल करायला घरी येऊन आणखी आठ दिवस लागले.

मुलगा म्हणाला, अशा माणसांची सोय करणारी घरं असतात, मी फोटो पाठवतो. पाठवले. पांढऱ्या फरशा, हिरवे पडदे. मी म्हटलं, फोटोत भात गरम हाये का थंडा ते दिसत नाही. जिथं दादाला ठेवायचं तिथं मी अगोदर जेवणार, तेही जेवणाच्या वेळेला. आणि उष्ट्याची बादली पाहणार. बाहेरच्या माणसाला सांगतो, आचाऱ्याला जेवण कसं झालं हे विचारू नका, लोक तोंडावर चांगलंच म्हणतात. उष्ट्याची बादली खोटं बोलत नाही.

घरं पाहत हिंडलो ते दिवस मुलगा रजा काढून दादापाशी बसला. पहिलं घर अकोल्याचं. मोठी इमारत, दारात चौकीदार, आत कॅमेरे. साहेबांनी तीन वाजता भेटायला बोलावलं होतं, मी वैशालीला घेऊन साडेअकरालाच जाऊन बसलो. ते म्हणाले, काका, ही जेवणाची वेळ आहे. मी म्हटलं, म्हणूनच आलो. नाखुशीनं आत सोडलं. सगळं स्वच्छ, वास नाही, नर्स तीन. दोष काढावा असं काही सापडेना. स्टीलची ताटं प्रत्येकाच्या पलंगावर आणून ठेवली, ज्याचं त्याचं तोंड टीव्हीकडे. एका आजीनं पोळीचा तुकडा हातात धरला होता, तो तोंडाकडे न्यायचा हे तिला आठवत नव्हतं. वाढणारी मुलगी आली, आजी झालं ना, म्हणाली आणि ताट घेऊन गेली. तुकडा आजीच्या हातातच. वाईट नव्हती ती मुलगी, तिला अजून पंधरा पलंग होते. पण त्या हाताकडे पाहून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. साहेब अर्ज घेऊन आले तेव्हा मी चपला घालत होतो.

दुसरं घर वाशीमचं. तिथं मी जी चूक केली ती लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वैशालीसोबत आत पाऊल टाकलं तर स्वयंपाकघरातून गोकुळ धावत आला. हा गोकुळ आमच्या हाताखाली दहा वर्षं पुऱ्या लाटायला होता. पाया पडला. सगळ्यांना सांगितलं, हे माहे वस्ताद, यायच्या भावाचं नाव घेऊन मी भाजी फोडणीले टाकतो. मला ऑफिसात टेबलाशी बसवलं आणि वांग्याची भाजी वाढली. दादाची भाजी. तसाच तिखटाचा तवंग, तसंच खोबरं भाजलेलं. आसेगावनंतर ती चव जिभेवर आली नव्हती. मी तीनदा मागून घेतली. डोळ्यात पाणी आलं ते तिखटाच्या नावावर खपवलं. संचालक काय बोलले, किती खोल्या, किती माणसं, काही ऐकलं नाही. म्हटलं, ठरलं. हेच घर.

परतताना वैशालीनं विचारलं, "मामाजी, तिथले बुढे लोक जेवले काय?"

मी एकही म्हातारा जेवताना पाहिला नव्हता. माझं ताट पाहिलं होतं. चाळीस वर्षं घरधन्यांना हीच शिकवण दिली की चाखून भुलू नका, पंगत पाहा, आणि मी एका वांग्याच्या भाजीवर भाऊ द्यायला निघालो होतो.

दुसऱ्या दिवशी एकटाच गेलो, न सांगता, मागच्या दारानं. आचारी पुढच्या दारानं कधी जात नाही. जेवण नुकतं आटोपलं होतं. उष्ट्याची बादली भरलेली, आणि वरच तीच भाजी, फोडीच्या फोडी, कोणी हात न लावलेली. दोन बाया, तीस म्हातारे, ताटं ठेवली आणि अर्ध्या तासानं उचलली. गोकुळ माझ्याकडे पाहत उभा होता.

"काका, रांधनं माह्या हातात हाये," तो म्हणाला. "वाढनं नाही."

भाजीत त्याचा काही दोष नव्हता. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि निघालो.

तिसरं घर रिठदकडं, शेताच्या कडेला, वर टिनाचं छप्पर. एका निवृत्त सिस्टरबाईंनी काढलेलं, सारी मिळून अकरा माणसं. फोटो पाठवण्यासारखं काही नव्हतं. मी म्हटलं जेवायचं आहे. त्या म्हणाल्या, मंग हात धुवून बसा. ऑफिस नाही, टेबल नाही. मला लांबट ओसरीवर म्हाताऱ्यांच्या ओळीतच बसवलं. पहिला घास घेतला आणि माझं डोकं फिरलं.

"सिस्टर, वरनात मीठ नाही."

"नाहीच हाये. अर्ध्या लोकाइले बीपी हाये."

"भाताचा गोळा झाला."

"दात नाहीत कोनाले. तुमच्या भावाले हायेत काय?"

"चार हायेत."

"मंग."

बाईशी भांडावंसं वाटत होतं, पण मुद्दा सापडेना. मुकाट्यानं तो अळणी भात खाल्ला. हळूहळू ओळ रिकामी झाली. कोणी उठून अंगणात गेलं, कोणी भिंतीला टेकलं. एक म्हातारे गुरुजी तेवढे राहिले. एक घास चावायचे, थांबायचे, चावायचं विसरायचे, मग पुन्हा सुरू. त्यांच्यासमोर शांताबाई नावाची कामाची बाई ताट घेऊन बसली होती. तिच्या ताटात दोन घास भात. ती शिताशितानं खात होती. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला, ते दोन घास संपेनात. मी जागचा हललो नाही.

शेवटी विचारलं, बाई, तुम्हाला भूक नाही काय.

"माहं जेवन कवाच झालं, बावा," ती हळूच म्हणाली. "पन मी उठली का हे उठते. मंग उपाशी राह्यते."

कोणी शिकवलं, विचारलं.

"शिकवन कोन. पाह्यलं का समजते."

मी मान खाली घातली. ज्या युक्तीचा मी आयुष्यभर तोरा मिरवला, ती एक बाई न मिरवता रोज दोन वेळा करत होती. मागं जाऊन बादली पाहिली. तळाला चार सालपटं. गॅसची टाकी कुलुपात, मागच्या फाटकाची कडी उंच. सिस्टरला म्हटलं, पुढच्या सोमवारी भावाला आणतो. त्या म्हणाल्या, आणा, पण आठ दिवस भेटायला येऊ नका, जीव रमू द्या. आजवर मला असं कोणी बजावलं नव्हतं.

दादाला मी सांगितलं, मोठं काम आलं, मुक्कामी जायचं. खोटं बोललो. त्यानं स्वतः पिशवी भरली. वैशालीनं त्याचे दोन्ही हात धरले तर म्हणाला, रडतं कायले बाई, चार दिवसाचं तर काम हाये.

आठ दिवस काढायचे होते, चौथ्याच दिवशी गेलो. आत गेलो नाही, कुंपणाबाहेर उभा राहून पाहिलं. तो ओसरीवर बसलेला, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाय पाहत. परत आलो.

मग दर गुरुवारी जाऊ लागलो. सुरुवातीला निघताना माझी बाही धरायचा. किसन्या, सामान बांध, झालं हे काम, घरी जाऊ. एक एक बोट सोडवावं लागायचं. एसटीत बसल्यावर ती चुरगळलेली बाही मी सरळ करायचो नाही, तशीच घरी आणायचो. वैशालीला ते कळायचं, ती धुवायला मागायची नाही.

आता तो बाही धरत नाही. मला किसन्याही म्हणत नाही, पाहुने म्हणतो. अंगावर मांस चढलं आहे, झोप लागते, गुरुजींच्या शेजारी बसून अळणी वरण जेवतो आणि नाव ठेवत नाही. मी फाटकाशी जरा रेंगाळतो, चप्पल घालायला वेळ लावतो, धरली तर धरली म्हणून. इतकं चांगलं घर पारखून दिलं की त्याला आमचं आठवत नाही. याचा दोष आता कोणाला देऊ.

मागच्या गुरुवारी तो फाटकापर्यंत पोचवायला आला आणि म्हणाला, "पाहुने, असे कसे चालले? आमच्या घरून कोनी उपाशी जात नाही. जेवा, मंग जा."

आमच्या घरून, म्हणाला. उभा जन्म त्यानं दुसऱ्यांच्या दारात माणसं जेवू घातली. स्वतःच्या दारात एक मांडव पडला नाही त्याच्या. मी सकाळी घरून भाकर खाऊन निघालो होतो, आणि एकची एसटी यायची वेळ झाली होती. पुढची थेट पाचला.

चपला काढल्या आणि आत जाऊन ओळीत बसलो. त्यानं शांताबाईच्या हातून पळी घेतली आणि मला वाढलं. मी जेवत होतो तेव्हा रस्त्यावरून एसटी गेली.